आधी रेडा पाहा

चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला खान्देशातून पायी निघालेले भाविक नाशिक जिल्ह्यातल्या सप्तशृंगगडावर पिढ्यानपिढ्या देवीचं जे रूप पाहत आले, ते शेंदराच्या जाड खोळीतलं होतं. २०२२ साली ती खोळ उतरवली आणि कड्यात कोरलेली अठरा हातांची मूर्ती तिच्या मूळ घडणीत दिसली.

पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. तो तेलात कालवला की तेलातल्या मेदाम्लांशी शिशाचा संयोग होतो आणि पाण्यात न विरघळणारा चिवट लेप तयार होतो. वर्षानुवर्षं लेपावर लेप चढून त्याची खोळ बनते. ती दगडाला पावसापाण्यापासून जपते, पण बोटं, शस्त्रं, चेहऱ्यावरचा भाव सगळं बुजवते. शिसं विषारी असतं, म्हणून शेंदूर लावल्यावर हात स्वच्छ धुवावेत आणि लहान मुलांना तो चाटू देऊ नये.

महिषासुरमर्दिनीची, म्हणजे रेड्याच्या रूपातल्या महिषासुराला मारणाऱ्या देवीची मूर्ती साधारण कुठल्या काळातली, हे ओळखायला मी आधी रेडा पाहतो. मथुरेच्या कुषाणकालीन (इ.स. पहिल्या ते तिसऱ्या शतकातल्या) मूर्तींत तो नखशिखांत जनावर आहे आणि देवी त्याला आवळून धरते. मध्य प्रदेशात उदयगिरीच्या इ.स. ४०० च्या सुमाराच्या लेण्यांतही रेडाच आहे. बारा हातांच्या देवीचा पाय त्याच्या डोक्यावर आहे. सातव्या शतकातल्या महाबलीपुरमला मात्र धड माणसाचं आणि डोकं रेड्याचं. वेरूळच्या कैलास लेण्यात तर दैत्य जवळजवळ पूर्ण माणूस झालाय, रेड्याची म्हणून फक्त शिंगं उरलीत. पुढे मध्ययुगात छाटलेल्या मानेतून माणूस बाहेर पडताना दिसू लागतो. मला हा क्षण सगळ्यात जिवंत वाटतो: खाली रेड्याचं मुंडकं लोळतंय, वर अर्धवट निघालेला दैत्य आणि त्याचे केस देवीच्या मुठीत. या बदलांच्या सीमारेषा काटेकोर नाहीत. जुनी पद्धत नव्या काळातही डोकावते.

खान्देशातला काळा दगड म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसाल्ट. तो दाब भरपूर सोसतो, ताण फारसा सोसत नाही. सुटा कोरलेला बारीक हात एका धक्क्यानं मोडतो, म्हणून शिल्पकार अनेक हात मागच्या पाटाला चिकटलेलेच ठेवतात.

गावच्या देवळातली झिजलेली मूर्ती पाहताना विजेरी समोरून न धरता बाजूनं तिरपी धरा. उथळ रेघांच्या सावल्या पडतात आणि शिंगं, खूर, त्रिशूळ हळूहळू उमटू लागतात. शेंदूर मात्र सुरीनं खरवडू नका. त्याच्यासोबत दगडाचा पापुद्राही निघतो. ते काम संवर्धन करणाऱ्या तज्ज्ञांचं आहे.