एसी १८ वर लावल्याने झोप चांगली लागते का?

(कूलर-एसी सर्व्हिसिंगच्या आमच्या ग्राहकांसाठी)

विदर्भातल्या उन्हाळ्यात आमच्याकडे एक तक्रार हमखास येते: "पडल्या पडल्या झोप लागते, पण पहाटे थंडी वाजून जाग येते." बहुतेक वेळा मशीन ठीकच असते, सेटिंग चुकलेले असते.

संध्याकाळनंतर मेंदूतले घड्याळ शरीराचे आतले तापमान उतरवायला लागते. रात्रभरात ते साधारण १ अंश सेल्सिअसने खाली येते आणि उठण्याच्या दोनेक तास आधी सर्वांत कमी असते. अंगातली ही उष्णता बरीचशी हातापायांच्या कातडीतून बाहेर पडते, म्हणूनच झोप येऊ लागली की तळवे गरम लागतात. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री खोलीत उष्णता सोडत असतो, तेव्हा अंगातली उष्णता सहज निघत नाही आणि माणूस नुसता कूस बदलत राहतो. म्हणजे झोपताना गारवा हवाच.

पहाटे मात्र गणित बदलते. स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते, आणि तेवढ्या वेळात घाम येणे, कुडकुडणे ही शरीराची सोय मंदावते. अशा वेळी खोली फार गार झाली तर झोप मोडणारच.

आमचा सल्ला असा: झोपण्यापूर्वी अर्धा तास खोली गार करा, मग एसी २४ ते २६ वर ठेवून पंखा हळू चालू ठेवा. पहाटेसाठी टायमर किंवा स्लीप मोड लावा. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीत १८ लावल्याने खोली लवकर गार होत नाही, कॉम्प्रेसर तेवढ्याच ताकदीने चालतो, फक्त जास्त वेळ. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या मते सेटिंग १ अंशाने वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून भारतात नव्या रूम एसीचे मूळ सेटिंग २४ अंशांवरच असते.

कूलरवाल्यांनी समोरची खिडकी उघडी ठेवलीच पाहिजे. बंद खोलीत ओलावा साठतो, घाम वाळत नाही आणि अंग चिकचिकते. पहाटे पंप बंद करून नुसता पंखा चालू ठेवा. पाऊस सुरू झाला की पंपाचा उपयोग उरत नाही.

तान्ही बाळे आणि म्हातारी माणसे यांच्या अंगावर थेट झोत येऊ देऊ नका. टायमर लावता येत नसेल, तर सर्व्हिसिंगला आलेल्या आमच्या मुलाकडून लावून घ्या, त्याचे वेगळे पैसे नाहीत.