दीर्घकाळच्या संसर्गजन्य आजारात मनाचे समुपदेशन : रुग्ण व कुटुंबीयांसाठी माहिती

क्षयरोगाचे औषध सहसा सहा महिने, तर एचआयव्हीचे आयुष्यभर घ्यावे लागते. या काळात शरीर सावरत असले, तरी ‘माझ्यामुळे घराला धोका आहे’ असे विचार मनात घर करतात आणि रुग्ण ते पारखून न पाहता खरे मानून जगू लागतो. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात विकसित केलेल्या ‘कॉग्निटिव्ह थेरपी’ या, विचार पुराव्याने पारखून पाहण्याच्या उपचारपद्धतीनुसार आम्ही इंदूरमध्ये, मराठीतून, अशा विचारांवर काम करतो.

एक नेहमीचे उदाहरण पाहू. क्षयरोगाच्या उपचाराचा चौथा महिना चालू आहे, थुंकीच्या तपासणीत जंतू आढळलेले नाहीत. तरीही घरातील बाई आपले ताट-वाटी आणि भांड्यांची घासणीसुद्धा वेगळी ठेवतात, शेजारच्या हळदीकुंकवाला जाणे टाळतात. सत्रात वहीचे पान उभे दुमडून डावीकडे त्यांचा विचार आणि उजवीकडे त्याचा पुरावा लिहिला जातो. क्षयाचे जंतू खोकल्यावाटे हवेतून पसरतात, ताट-वाटीतून नव्हे, हे त्या स्वतःच्या अक्षरात लिहितात. त्यानंतर आठवडाभर सर्वांच्या पंगतीत जेवायचे आणि रोज रात्री भीतीला शून्य ते दहा असे गुण द्यायचे, एवढाच गृहपाठ असतो. ‘सगळे छान होईल’ असे घोकायला आम्ही कधीही सांगत नाही, कारण ज्याला खरोखर त्रास होत आहे त्याला ते पटत नाही.

एक गोष्ट मात्र आधी पाहावी लागते. सायक्लोसेरीन आणि क्वचित आयसोनायझिड या क्षयरोगावरील औषधांमुळेही उदासी, संशय किंवा भास होऊ शकतात. असा बदल अचानक जाणवल्यास प्रथम आपल्या डॉक्टरांना दाखवावे. औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. समुपदेशन हे औषधाच्या जोडीला असते, त्याऐवजी नव्हे.

कुटुंबीयांना विनंती अशी की, ‘उगाच विचार करू नकोस’ असे म्हणण्याऐवजी ‘कशाची भीती वाटते?’ असे विचारून पूर्ण उत्तर ऐकून घ्यावे.

सत्र आठवड्यातून एकदा, पन्नास मिनिटांचे असते. संसर्गाचा काळ संपला नसल्यास ते फोनवर घेतले जाते. आजाराचे नाव आपल्या संमतीशिवाय नातेवाइकांनाही सांगितले जात नाही. जीव नकोसा वाटू लागल्यास पुढच्या सत्राची वाट न पाहता टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करावा. पहिल्या भेटीला येताना चालू औषधांची पाकिटे आणि शेवटचा तपासणी अहवाल सोबत आणावा.