बस्तरच्या गुहेत जमा झालेला जुना पाऊस

गडचिरोली-गोंदियाकडे रोवणीच्या टायमाला पावसानं दडी मारली की म्हातारी माणसं सांगतात अमक्या साली बी असंच झालं होतं, पण माणसाची आठवण जाऊन जाऊन किती मागं जाईल? हवामान खातंच 1875 सालचं. त्याच्याही आधीच्या शेकडो वर्षांचा पाऊस सापडला तो इंद्रावतीच्या पल्याड, बस्तरातल्या कांगेर खोऱ्यात, दंडक नावाच्या चुनखडीच्या गुहेत.

होते काय, की पावसाचं पाणी मातीतून मुरताना कार्बन डायऑक्साइड घेते, थोडं आंबट होते आणि चुनखडी विरघळवत खाली उतरते. गुहेत थेंब पडला की तो गॅस उडून जातो आणि चुना तिथंच थरावर थर बसत राहतो, वर्षाला मिलिमीटरचा एखादा अंशच. त्या चुन्यात पाण्यातला ऑक्सिजन अडकलेला असते, जास्त करून 16 वजनाचा, थोडासा जड म्हणजे 18 वजनाचा. ढग बरसत येतात तसा जड ऑक्सिजन आधी गळून जातो, म्हणून मान्सून जोरदार असला की थरात जड ऑक्सिजन कमी सापडतो, कमजोर असला की जास्त. बारीक ड्रिलनं थोडी थोडी पावडर काढून हेच मोजतात.

आता थर कोणत्या सालचा हे कसं कळते, मले तर हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते. युरेनियम पाण्यात विरघळते, थोरियम जवळजवळ नाही, म्हणून नव्या थरात युरेनियमच येते आणि पुढं त्याचं ठरलेल्या वेगानं थोरियम बनत जाते, किती बनलं ते मोजलं की वय निघते.

दंडकमधून इ.स. 600 ते 1500 चा पाऊस वाचता आला. त्यात 14 व्या शतकात मान्सून एक-दोन वर्षं नाही तर दशकानुदशकं कमजोर दिसतो, आणि आपल्या इतिहासात 1396 पासून बारा वर्षांचा दुर्गादेवीचा दुष्काळ सांगतात तो याच काळाच्या शेवटाला लागून. एवढा लांबलेला कमजोर पाऊस मोजमापाच्या दीडशे वर्षांत कधी आलाच नाही, आणि आपली धरणं, पीक विमा सगळं याच दीडशे वर्षांवर बेतलेलं! गाळानं भरलेल्या मामा (म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या जमीनदारीच्या काळातल्या) तलावांचं खोलीकरण ठरवताना बी एका कोरड्या सालाचा नाही, लागोपाठ पाच-सात कोरड्या सालांचा हिशोब धरायला पाहिजे.