पाकीट फोडायच्या आधी

ताईची राखी दरवर्षी साताऱ्याहून टपालाने सांगलीला येते. पाकिटावरच्या सहा चौकटींत ती आमचा पिनकोड ठळक लिहिते, ४१६४१६, आणि कोपऱ्यात स्वतःच्या पत्त्याखाली ४१५००१. यंदा पाकीट फोडायच्या आधी मी हे आकडेच फोडत बसलो.

आमच्या सांगलीचा आकडा लगेच फुटतो. ४१६ दोनदा शेजारी लिहिणं म्हणजे ४१६ला १००१ने गुणणं, आणि १००१ म्हणजे ७ × ११ × १३. खुद्द ४१६मध्ये पाच वेळा २ आणि आणखी एक १३. एवढे मूळ अवयव असल्यावर विभाजक निघतात तब्बल ७२. संख्या स्वतः सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज केली तर ६,९०,३६८ येते, मूळ आकड्यापेक्षा कितीतरी जास्त. अशा संख्येला विपुल म्हणतात. शिवाय अंकांची बेरीज २२, आणि २२ने तिला पूर्ण भाग जातो. अशा संख्यांना ‘हर्षद’ हे गोड नाव दिलं देवळालीत शाळामास्तरकी करणाऱ्या द. रा. कापरेकरांनी.

साताऱ्याचा आकडा मात्र दाद देईना. ३ने भाग नाही, ७ने नाही, ११, १३, १७... ४७पर्यंत गेलो आणि उठून चहा टाकला. असंच रेटलं असतं तर ११२व्या मूळ संख्येला यश आलं असतं!

चहा उकळताना फर्मा आठवला. सतराव्या शतकातला हा फ्रेंच गृहस्थ पेशाने कायद्यातला, गणित त्याचा छंद. त्याची युक्ती आपल्या शाळेतल्या अ² − ब² = (अ + ब)(अ − ब) या सूत्रावरच उभी आहे. आकडा दोन वर्गांच्या वजाबाकीत बसवायचा, की अवयव आपोआप हाती येतात. ४१५००१च्या लगेच वरचा वर्ग ६४५चा. तो तोंडीच येतो: चौसष्ट गुणिले पासष्ट ४१६०, त्यापुढे २५ लिहायचे, झाले ४१६०२५. त्यातून ४१५००१ गेले, उरले १०२४. म्हणजे ३२चा वर्ग! पहिल्याच फटक्यात. ६४५ उणे ३२ म्हणजे ६१३, अधिक ३२ म्हणजे ६७७. दोन्ही मूळ संख्या. म्हणजे विभाजक चारच, आणि स्वतःला सोडून त्यांची बेरीज जेमतेम १२९१. ही न्यून संख्या.

दोन्ही अवयव एकमेकांच्या इतके जवळ होते म्हणून हे जमलं. संगणकावरचे संदेश गुप्त ठेवणाऱ्या आरएसए नावाच्या सांकेतिक कुलपातही दोन मूळ संख्यांचा गुणाकारच असतो, फक्त त्या शेकडो अंकी. त्या फार जवळच्या निवडल्या, तर फर्माची हीच युक्ती कुलूप उघडते. त्यामुळे त्यांच्यात भरपूर अंतर राहील याची काळजी घेतात.

ताईला फोन लावून सांगितलं, ‘‘तुझ्या आकड्याला विभाजक चार, माझ्याला बहात्तर.’’

‘‘बरं,’’ ती म्हणाली, ‘‘राखी बांधून घेतलीस का?’’

पाकीट अजून तसंच होतं.