दातात कीड वळवळत नसते हो!

रिंगणीच्या बियांची धुरी घेतली की दातातली कीड गळून पडते, हे अजूनही गावोगावी सांगतात, पण दातात अळी नसतेच, असतात ते स्ट्रेप्टोकॉकस म्युटान्स नावाचे बॅक्टेरिया आणि त्यांचं एक भारी एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रोटीन, ग्लुकॅनसुक्रेज. ते साखरेचा रेणू तोडतं, त्यातलं ग्लुकोज एकाला एक जोडत चिकट लांब साखळी करतं, आणि त्या लगद्यात बॅक्टेरिया दाताला घट्ट धरून बसतात. उरलेलं फ्रुक्टोज ते खातात आणि ॲसिड सोडतात. पीएच, म्हणजे आम्लपणाचं माप (जितका कमी तितकं आम्ल जास्त), साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, विरघळायला लागतं. खड्डा पडतो तो असा!

2011 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी एक्सरेने या ग्लुकॅनसुक्रेजची रचना काढली. प्रोटीनची साखळी इंग्रजी यू अक्षरासारखी खाली जाऊन परत वर येते, म्हणून याचे बहुतेक भाग दोन-दोन तुकडे जुळून बनलेत, आणि मधल्या खाचेत तीन अमिनो ॲसिड्स (प्रोटीनच्या साखळीतले दुवे) साखर तोडायचं काम करतात. ही खाच आपल्या लाळेतल्या अमायलेजशी, म्हणजे स्टार्च पचवणाऱ्या एन्झाइमशी, बरीच जुळते, त्यामुळे ग्लुकॅनसुक्रेज अडवणारं औषध शोधणं अवघड झालंय, कारण एकाला अडवताना दुसरं बंद पडायला नको.

धुरीने यातलं काहीच थांबत नाही. दात दुखतोय ना, मग डेंटिस्टकडेच जा, उशीर केला तर दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचतं ते.