स्कोपचा कोन: माउंटमधून टरेटमध्ये आणि थोडा परत

एकेकाळी नेम वर-खाली करायची सोय रायफलवरच्या स्कोपमध्ये (दुर्बिणीत) नव्हती, तो पकडणाऱ्या माउंटमध्ये होती. अमेरिकेतल्या जॉन अनर्टलच्या लांबलचक स्कोपमध्ये रेटिकल (आतली नेमाची खूण) जागचे हलत नसे. मागच्या माउंटवरचा मायक्रोमीटर स्क्रू फिरवला की अख्खी नळी पाव-पाव मिनिटाने (हे कोनाचे माप) कलायची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी मरीननी स्प्रिंगफील्ड रायफलवर त्याचाच आठपट स्कोप वापरला. काम नेमके, पण यंत्रणा उघड्यावर. धूळ, चिखल, धक्का सगळे स्क्रूवर. स्प्रिंग नसेल तर दर गोळीनंतर नळी हाताने मागे ओढायची! म्हणून हे सगळे नळीच्या पोटात गेले, टरेट (नळीवरच्या फिरवायच्या खुंट्या) आले आणि माउंटकडे फक्त पकडून ठेवण्याचे काम राहिले.

टरेटवरचे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, मोजणीदारांचे माप. नागपुरातला झिरो माईलचा खांब ज्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची आठवण देतो, त्याचा जनक विल्यम लॅम्बटन 1823 मध्ये नागपूरकडे येताना हिंगणघाटला वारला. त्याचा अवजड थिओडोलाइट अंश-मिनिट-सेकंदांतच वाचला जाई. कोनाचे दुसरे माप मिल, त्याचे घराणे तोफखान्याचे. 1000 मीटरवर 1 मीटर म्हणजे 1 मिल, हिशोब तोंडी. वर्तुळात असे 6283 मिल बसतात. भागायला सोपे म्हणून नाटोने 6400 धरले, सोव्हिएतने 6000. स्कोपवरचा मिल मात्र बहुधा खरा मिलिरेडियनच असतो.

100 मीटरवर पाव मिनिटाचा क्लिक (टरेटचा एक टप्पा) 7.27 मिलीमीटर हलवतो, 0.1 मिलचा क्लिक बरोबर 1 सेंटीमीटर. रेंज मीटरमध्ये असेल तर आमचे मत मिलच्या बाजूने. मात्र रेटिकल मिलचे आणि टरेट मिनिटाचे असा जुना स्कोप स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. दर वेळी 3.44 ने गुणताना चूक होतेच. दुसरा घोळ ‘मिनिट म्हणजे 100 यार्डला 1 इंच’ या समजुतीचा. खरे मिनिट 1.047 इंचाचे, 1000 यार्डवर 40 मिनिटे लावली की तेवढ्यानेच सुमारे 19 इंचांचा फरक पडतो.

रेलची, म्हणजे रायफलवरच्या ज्या खाचांच्या पट्टीवर माउंट बसतो तिची, गोष्ट थोडक्यात. वीव्हर कंपनीच्या रेलमधल्या खाचा 4.57 मिलीमीटर रुंद, पण त्यांच्यातले अंतर एकसारखे नसे. 1995 च्या अमेरिकी लष्कराच्या पिकाटिनी मानकाने खाच 5.23 आणि अंतर 10.01 मिलीमीटर ठरवून दिले. म्हणून वीव्हरची रिंग (माउंटची स्कोपला वेढणारी कडी) पिकाटिनीवर बहुधा बसते, पण खाचेत ढिली राहते; उलट बसवायला गेलात तर जातच नाही.

लांब पल्ल्यासाठी कोनाचा एक हिस्सा पुन्हा माउंटमध्ये आला. .308 काडतुसाला 100 यार्डच्या झिरोपासून (नेम आणि गोळी जिथे एकत्र येतात ती जुळणी) 1000 यार्डपर्यंत सुमारे 38 ते 40 मिनिटे चढवावी लागतात. एकूण 60 मिनिटांच्या स्कोपमध्ये मधून वर 30 च मिळतात. 20 मिनिटांचा उतार असलेला बेस (रिंगखालची पट्टी, उंच टोक मागे) लावला की वर 50, खाली 10. ‘जास्त तर जास्त’ म्हणून 40 चा घेतला तर 100 यार्डला झिरोच होत नाही.

बसवताना रिंगचा आडवा बोल्ट खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकवून मगच आवळावा. धक्क्यात रायफल मागे जाते, स्कोप जडत्वाने पुढे रेटतो. रिंगच्या टोपीचे स्क्रू साधारण 1.7 ते 2 न्यूटन-मीटर, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवत आळीपाळीने. उत्पादकाने वेगळा आकडा दिला असेल तर तोच. बबल लेव्हल (तिरपेपणा दाखवणारा बुडबुडा) चैन नव्हे: रायफल 3 अंश तिरपी झाली आणि 40 मिनिटे चढवलेली असतील तर गोळी 1000 यार्डवर अर्ध्या मीटरहून जास्त बाजूला जाते.

डिसेंबरच्या सकाळी केलेला झिरो नागपूरच्या मे महिन्यात 45 अंशांवर वर सरकला, की पहिला संशय माउंटवर जातो. गोळ्यांच्या छिद्रांचा गट तितकाच घट्ट राहून नुसता उंच गेला असेल तर बहुधा काडतुसातल्या तापलेल्या दारूने गोळीचा वेग वाढवलेला असतो. गट चारी दिशांना भटकत असेल तर स्क्रू आणि रिंगवर आधीच मारून ठेवलेली रंगाची रेघ तुटली आहे का ते पाहावे.