जाहिराती रोखणारे सॉफ्टवेअर आणि त्यांच्या नावांचा गुंता

ब्राउझरमध्ये जाहिराती रोखण्यासाठी एखादे एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, शोधू लागले की अ‍ॅडब्लॉक, अ‍ॅडब्लॉक प्लस, यूब्लॉक, यूब्लॉक ओरिजिन अशी सारखीच वाटणारी नावे समोर येतात, आणि त्यांच्यामागचा इतिहास माहीत नसेल तर निवड केवळ अंदाजाने होते.

संकेतस्थळावरील जाहिरात-पट्टीची सुरुवात सामान्यतः ऑक्टोबर १९९४ मध्ये ‘हॉटवायर्ड’ या वेब-मासिकावर झळकलेल्या एटी अँड टी कंपनीच्या जाहिरातीपासून मानली जाते. पुढे आपोआप उघडणाऱ्या खिडक्यांचा त्रास वाढला. २००२ मध्ये डेन्मार्कमधील हेन्रिक आस्टेड सोरेन्सन या विद्यार्थ्याने, आज फायरफॉक्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ब्राउझरसाठी अ‍ॅडब्लॉक लिहिले आणि २००६ मध्ये व्लादिमिर पालांत यांनी त्याचे नव्याने लेखन करून अ‍ॅडब्लॉक प्लस आणले. क्रोमसाठी २००९ मध्ये आलेले अ‍ॅडब्लॉक मात्र मायकेल गुंडलाख यांचे असून, नाव तेच असले तरी डॅनिश अ‍ॅडब्लॉकशी त्याचा संबंध नाही.

ही एक्स्टेंशन्स मुख्यतः तयार याद्यांवर चालतात. पान उघडताना ब्राउझर ज्या पत्त्यांवरून मजकूर मागवतो, ते पत्ते यादीतील नियमांशी ताडून पाहिले जातात आणि जुळणारी मागणी अडवली जाते. ‘इझीलिस्ट’ ही स्वयंसेवकांनी सांभाळलेली यादी अनेक एक्स्टेंशन्स वापरतात. त्यामुळे खरा फरक यादीपेक्षा अपवाद कोण ठरवतो आणि पैसा कोठून येतो, यात आहे.

हा प्रश्न डिसेंबर २०११ मध्ये तीव्र झाला. अ‍ॅडब्लॉक प्लसच्या आयो या जर्मन कंपनीने ‘स्वीकारार्ह’, म्हणजे फारशा त्रासदायक नसलेल्या, जाहिराती आपणहून दिसू देण्याची सोय सुरू केली. वापरकर्त्याला ती बंद करता येते, पण मोठ्या जाहिरातदारांकडून कंपनी त्यासाठी शुल्क घेते. आक्सेल श्प्रिंगर या प्रकाशनसंस्थेने आयोला न्यायालयात खेचले, परंतु एप्रिल २०१८ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने आयोच्या बाजूने निकाल दिला. गुंडलाख यांचे अ‍ॅडब्लॉकही २०१५ मध्ये, खरेदीदाराचे नाव उघड न करता विकले गेले आणि त्याच योजनेत सामील झाले.

रेमंड हिल यांनी २०१४ मध्ये सुरू केलेले यूब्लॉक कमी मेमरीत चालत असल्याने लोकप्रिय झाले. २०१५ मध्ये त्यांनी प्रकल्प दुसऱ्याकडे सोपवला, पण लवकरच यूब्लॉक ओरिजिन या नावाने स्वतःची वेगळी शाखा सुरू ठेवली. हिल देणग्याही स्वीकारत नाहीत, आणि माझ्या मते हेच यूब्लॉक ओरिजिनवर विश्वास ठेवण्याचे सर्वांत भक्कम कारण आहे. मूळ यूब्लॉकचे नाव २०१८ मध्ये अ‍ॅडब्लॉककडे गेले.

आता या निवडीत ब्राउझरचाही विचार करावा लागतो. जिचे मुख्य उत्पन्न जाहिरातींचे आहे त्या गूगलने क्रोममध्ये ‘मॅनिफेस्ट व्ही३’ ही नियमावली आणली. तिच्यानुसार जाहिराती रोखणाऱ्या एक्स्टेंशनला प्रत्येक मागणी स्वतः तपासून अडवता येत नाही. मर्यादित नियम आधीच ब्राउझरकडे सोपवावे लागतात. २०२४ पासून जुन्या पद्धतीची एक्स्टेंशन्स क्रोममध्ये टप्प्याटप्प्याने बंद होऊ लागली आणि तेथे यूब्लॉक ओरिजिनची ‘लाइट’ ही मर्यादित आवृत्ती उरली. फायरफॉक्सने जुनी पद्धत कायम ठेवल्याने पूर्ण आवृत्ती तेथे चालते.